परवानगीवाचून मानही वळत नाही : जपानी तुरुंगाविषयी वाचकांचे प्रश्न

जपानने १ जून २०२५ पासून आपल्या दंडसंहितेतील ‘सक्तमजुरी’ आणि ‘साधी कैद’ ही विभागणी मोडीत काढली आणि दोहोंच्या जागी ‘कोकिनकेई’ नावाची एकच कैद आणली. ती संहिता १९०७ साली झाली, तेव्हापासून शिक्षेच्या प्रकारांत झालेला हा पहिलाच बदल आहे. या सदरात त्याची चार ओळींची नोंद आली होती. तिच्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : जपानी तुरुंगात कैद्याला इकडेतिकडे पाहण्याचीही मुभा नसते, असे ऐकले. हे खरे आहे का? तेथील दिवस असतो तरी कसा?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

खरे आहे, मात्र ते कुठे आणि कोणत्या वेळी, हे पाहिले पाहिजे. हा नियम लागू होतो तो कारखान्यात, म्हणजे तुरुंगाच्या आवारातील ज्या शेडमध्ये कैदी दिवसभर काम करतात तेथे. हातातील कामावरून नजर उचलून खिडकीकडे किंवा शेजाऱ्याकडे पाहणे याला तेथे ‘वाकिमी’ म्हणतात आणि त्याबद्दल समज मिळते. काही सांगायचे असेल, खाली पडलेली सुई उचलायची असेल किंवा शौचास जायचे असेल, तर हात वर करून ‘ओनेगाई शिमासु’, म्हणजे ‘विनंती आहे’, असे मोठ्याने म्हणायचे आणि रक्षकाने खूण करीपर्यंत जागचे हलायचे नाही. कामापुरते दोन शब्द बोलायचे असले तरी आधी तशी परवानगी घ्यावी लागते.

दिवस साधारण साडेसहा-पावणेसातला सुरू होतो. गादी, पांघरूण आणि उशी ठरलेल्या घडीत, ठरलेल्या कोपऱ्यात रचायची. मग दाराकडे तोंड करून ओळीने बसायचे आणि रक्षक समोर आला की आपापला क्रमांक पुकारायचा. न्याहारीनंतर रांगेने कारखान्याकडे जायचे. कोठडीतील कपडे उतरवून कारखान्याचे कपडे चढवायचे आणि मधल्या टप्प्यावर अंगझडती द्यायची. पूर्वी ही झडती संपूर्ण विवस्त्र अवस्थेत होत असे. हात वर, पाय वर, तोंड उघडे, अशा त्या हालचालींना कैद्यांच्या बोलीत ‘कानकान ओदोरी’ म्हणजे एक प्रकारचे नृत्यच म्हटले जाई. पुढे तिची कडक पद्धत सैल झाली. काम दिवसाचे आठ तास चालते. मध्ये बाराच्या सुमारास जेवण आणि अर्ध्या तासाच्या आसपास व्यायाम किंवा मैदान असते. साडेचारच्या पुढे परतीची रांग लागते, पुन्हा झडती, पुन्हा क्रमांक आणि पाचच्या सुमारास रात्रीचे जेवण. आपल्याकडे ज्या वेळी संध्याकाळचा चहा होतो, त्या वेळी तेथील कैद्याचे रात्रीचे ताट धुऊन झालेले असते. त्यानंतर नऊपर्यंतचा वेळ त्याचा स्वतःचा. पत्र, पुस्तक आणि काही तास दूरदर्शन एवढे त्यात बसते. नऊला दिवे मंद होतात. पूर्ण विझवत नाहीत, कारण रक्षकाला आतले दिसले पाहिजे.

स्नान रोज नसते. उन्हाळ्यात आठवड्यातून तीनदा, थंडीत दोनदा आणि तेही पंधरा मिनिटांच्या आसपास. ज्या देशात रात्री कढत पाण्यात बुडून बसणे हा घराघरातील नेम आहे, तेथील माणसाला ही शिक्षा कोठडीपेक्षा अधिक बोचत असावी, असे मला वाटते.

आता कोठडीतील एक वस्तू जवळून पाहू. तिला ‘गान्सेन’ म्हणतात. हा छापील अर्जाचा लहानसा कागद असतो. चष्मा बदलून हवा आहे, पुस्तक विकत घ्यायचे आहे, डॉक्टरांना दाखवायचे आहे, घरून आलेला फोटो जवळ ठेवायचा आहे, अशा प्रत्येक गोष्टीसाठी हा कागद भरून द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या मराठी माणसाला अर्जाचे नवल वाटणार नाही. पण आपला अर्ज घराबाहेर पडल्यावर सुरू होतो आणि येथे सारे घरच अर्जावर चालते.

प्रश्न : मी तुरुंग खात्यात तेहतीस वर्षे नोकरी केली. एक शिपाई पन्नास-साठ शिक्षाबंद्यांना हत्याराशिवाय सांभाळतो, हे आम्हाला पटत नाही. मारझोड होत नाही, हे तर मुळीच पटत नाही.
— एक निवृत्त कर्मचारी, पुणे

आपल्या प्रश्नाचे दोन्ही भाग एकाच धाग्याचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

कारखान्यावर नेमलेला रक्षक खरोखरच एकटा किंवा जोडीदारासह पन्नास-साठ जणांना सांभाळतो आणि त्याच्याजवळ बंदूक नसते. कैदी आपसांत त्याला ‘ओयाजी’, म्हणजे ‘बाप’ किंवा ‘म्हातारा’ म्हणतात. आपल्या बोलीतील ‘बाबा’ जवळचा. हा रक्षक महिनोन्‌महिने त्याच कारखान्यावर राहतो. कोणाची आई आजारी आहे, कोणाला घरून पत्र आलेले नाही, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, हे त्याला ठाऊक असते. एकीकडे हे घरगुती नाते आणि दुसरीकडे मघाशी सांगितलेले बारीक नियम, यांवर ही शिस्त उभी आहे. जेथे मान वळवणेही मोजले जाते, तेथे भांडण उकळी येण्यापूर्वीच दिसते.

त्यासोबत बक्षीस आणि शिक्षेची शिडी आहे. दर सहा महिन्यांनी वागणूक पाहून कैद्याला पहिल्या ते पाचव्या वर्गात बसवतात. कायद्याने महिन्याला किमान दोन मुलाखती आणि चार पत्रे प्रत्येकाला मिळतात; वरच्या वर्गात गेल्यावर ही संख्या वाढते आणि अधूनमधून गोड खाऊसह जमण्याची सवलतही मिळते. नियम मोडल्यास सर्वांत कडक शिक्षा म्हणजे एकांतातील ‘बसवणूक’: काम नाही, दूरदर्शन नाही, दिवसाचा मोठा भाग कोठडीत ठरलेल्या जागी बसून राहायचे. तिची कमाल मुदत तीस दिवस आणि विशेष गंभीर प्रकरणी साठ दिवस आहे. मारण्यापेक्षा बसवून ठेवणे सौम्य आहे, असे ज्याला वाटते त्याने एक दिवस तसे बसून पाहावे.

मारझोडीविषयी आपली शंका योग्यच आहे. नागोया तुरुंगात २००१ च्या डिसेंबरमध्ये एका कैद्यावर अग्निशमनाच्या नळीने जोरदार पाण्याचा मारा करण्यात आला आणि तो दगावला. पुढच्या वर्षी कातडी पट्ट्याच्या हातकड्या आवळल्याने आणखी एक मृत्यू झाला. रक्षकांवर खटले झाले, संसदेत गदारोळ झाला आणि तोवर लागू असलेला १९०८ चा तुरुंग कायदा बदलावा लागला. नवा कायदा २००५ साली मंजूर होऊन २००६ पासून अमलात आला. कातडी हातकड्या गेल्या आणि प्रत्येक तुरुंगासाठी बाहेरच्या नागरिकांची पाहणी समिती आली. या समितीला कैदी थेट लिहू शकतो आणि त्या पत्राची तपासणी होत नाही.

एवढे होऊनही २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याच नागोया तुरुंगातून बातमी आली की बावीस रक्षकांनी तीन कैद्यांना वारंवार मारले किंवा छळले. त्यांतील बहुतेक तरुण होते, नोकरीला तीन वर्षेही न झालेले. मला हे प्रकरण पहिल्यापेक्षा अधिक बोलके वाटते. ‘ओयाजी’ होण्याला वर्षे लागतात. पंचविशीतल्या रक्षकाच्या हाती नियमांची वही पहिल्याच दिवशी येते. जो कैदी वयामुळे किंवा बुद्धीच्या मर्यादेमुळे हुकूम झेलू शकत नाही, त्याच्यासमोर या रक्षकाजवळ आवाज चढवण्यापलीकडे काही उरत नाही आणि तेथून हात उचलण्यापर्यंतचे अंतर फार नसते.

त्यानंतर झालेला एक बदल मराठी माणसाला चटकन कळेल. एप्रिल २०२४ पासून देशभरच्या तुरुंगांत रक्षकांनी कैद्याच्या आडनावापुढे ‘सान’ लावायचे ठरले. त्याआधी नुसते आडनाव ओरडण्याची रीत होती. ‘अरे-तुरे’वरून ‘अहो-जाहो’वर येण्याचाच हा प्रकार आहे. यावर ‘शब्दाने काय होणार?’ असे म्हणणारे तेथेही भेटतात. परंतु ज्याला ‘अहो’ म्हटले त्याच्या कानशिलात मारणे थोडे अवघड जाते, एवढे आपणही अनुभवाने मान्य कराल.

प्रश्न : कैद्यांच्या श्रमातून काय तयार होते आणि त्यांना किती पैसे मिळतात?
— विधी शाखेचा एक विद्यार्थी, नाशिक

शिवणकाम, लाकूडकाम, छपाई, चामड्याच्या वस्तू, लोहारकाम आणि बाहेरच्या कंपन्यांचे सुटे भाग जोडण्याचे काम असा पसारा आहे. तोयामाच्या तुरुंगात ‘मिकोशी’ बनतात. उत्सवात खांद्यावर घेऊन मिरवायच्या देवाच्या या पालख्या असतात. त्या पालखीपुढे नाचणाऱ्यांना ती कोणाच्या हातची आहे, याची बहुधा कल्पनाही नसते. योकोसुका येथे तयार होणारी ‘ब्लू स्टिक’ नावाची निळी साबणाची कांडी शर्टाच्या कॉलरचा मळ काढण्यासाठी गृहिणींत चांगलीच लोकप्रिय आहे. हा माल ‘कॅपिक’ या नावाने विकला जातो.

कैद्याच्या हाती जे येते ते वेतन नसून ‘बक्षीस रक्कम’ असते, म्हणून किमान वेतनाचा कायदा तिला लागू नाही. कौशल्याच्या दहा पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर तासाला दहा येनही पडत नाहीत, आणि सर्वांची सरासरी महिन्याला साडेचार हजार येनच्या आसपास येते. टोकियोतील सामान्य कामगार एवढे पैसे अर्ध्या दिवसात मिळवतो. रक्कम सुटकेच्या वेळी द्यायची असते. मधल्या काळात तिचा काही भाग पोस्टाची तिकिटे, साबण, पुस्तके यांवर खर्च करता येतो. दोन वर्षे काम करून बाहेर पडणाऱ्याच्या खिशात जे असते, त्यात भाड्याच्या खोलीची अनामतही भागणे कठीण.

प्रश्न : जेवणात काय असते?
— एक वाचक, रत्नागिरी

सात भाग तांदूळ आणि तीन भाग सातू, असा मिसळीचा भात. सोबत मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे, पातळ सूप, मासा किंवा थोडे मांस, भाजी आणि लोणचे. उभ्याने काम करणाऱ्याला भात जास्त आणि बसून काम करणाऱ्याला कमी, असे मापही ठरलेले असते. स्वयंपाक निवडक कैदीच करतात. नववर्षाला पांढरा भात, ‘मोची’ म्हणजे चिकट तांदळाचे गोळे आणि सणाचे डबे मिळतात. ३१ डिसेंबरच्या रात्री दिवे मंद होण्याची वेळही पुढे ढकलली जाते.

येथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. तुरुंगाच्या बोलीत या सातूमिश्रित भाताला ‘बाकुशारी’ म्हणतात. त्यातील ‘शारी’ म्हणजे आपला ‘शरीर’ शब्द. बुद्धाच्या अस्थींसाठी तो बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला गेला आणि पांढरे बारीक कण पाहून भाताला चिकटला. कैदी बाहेरच्या जगाला ‘शाबा’ म्हणतात. तोही संस्कृतातील ‘सहा’, म्हणजे जेथे सारे सोसावे लागते ती भूमी. मुळात दुःखाच्या जगाचे हे नाव, ते तेथील कैदी सुटकेच्या स्वप्नासाठी वापरतो.

प्रश्न : आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. एखादा भारतीय तेथे कैदेत गेला, तर त्याची भाषा, जेवण, पत्रव्यवहार यांचे काय होते?
— एक मराठी कुटुंब

ज्या परदेशी पुरुषांना भाषा आणि चालीरीती यांमुळे वेगळी वागणूक देणे भाग असते, त्यांचा ‘एफ’ हा वर्ग आहे. आपल्या शहराच्या पश्चिमेकडचा फुचू तुरुंग, जो देशातील सर्वांत मोठा आहे, त्यांच्यासाठी प्रमुख मानला जातो. तेथे १९९५ पासून भाषांतर आणि दूतावासांशी संपर्क यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. धर्म आणि आहाराच्या सवयी पाहून डुकराचे मांस वगळलेले किंवा मांसविरहित जेवण दिले जाते. आपल्या वरणभाताची अपेक्षा मात्र कोणी धरू नये.

खरी अडचण पत्रांची. येणारे-जाणारे टपाल तपासले जाऊ शकते, म्हणून कमी माहीत असलेल्या भाषेतील पत्राला भाषांतरासाठी वेळ लागतो. मराठीत लिहिलेले आईचे पत्र इंग्रजी पत्रापेक्षा उशिरा हाती पडेल, हे गृहीत धरावे. मुलाखतीतही रक्षकाला न कळणाऱ्या भाषेत बोलण्यावर बंधन येऊ शकते. अटक झाल्याबरोबर आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार प्रत्येक परदेशी व्यक्तीला आहे. तो मागायला विसरू नये. आणखी एक लक्षात घ्यावे की आरोपपत्र दाखल होण्यापूर्वीच एका प्रकरणात तेवीस दिवसांपर्यंत पोलीस कोठडीत राहावे लागू शकते. ज्यांनी दोन्ही अनुभवले, त्यांतील अनेक जण तुरुंगापेक्षा हे दिवस कठीण होते असे सांगतात.

प्रश्न : जपानमधील म्हातारी माणसे मुद्दाम चोरी करून तुरुंगात जातात, अशी चित्रफीत पाहिली. एवढ्या श्रीमंत देशात असे का व्हावे?
— एक गृहिणी, नागपूर

‘मुद्दाम’ या शब्दाबद्दल मी थोडा सावध राहीन. तसे उघडपणे सांगणारे आहेत, आणि त्यांच्याच मुलाखती आपल्यापर्यंत पोहोचतात. पण आकडा खराच मोठा आहे. नव्याने तुरुंगात येणाऱ्यांत साधारण सातांपैकी एक जण पासष्टीपुढचा असतो आणि स्त्रियांत हे प्रमाण त्याहून अधिक आहे. देशातील एकूण कैदी २००६ मध्ये ऐंशी हजारांवर होते, ते आता जवळजवळ निम्म्यावर आले. तरुण घटले आणि वृद्ध मात्र तितके घटले नाहीत. तोचिगीच्या महिला तुरुंगात किंवा ओनोमिची येथील तुरुंगाच्या शाखेत भिंतींना धरायचे दांडे बसवावे लागले, ही त्याचीच खूण.

यामागे गरिबी आणि एकटेपण आहेच. पण कायद्याची एक कळही आहे, जी अशा चित्रफितींत सहसा सांगितली जात नाही. दुकानातून पहिल्यांदा चोरी केलेल्या आजीला समज देऊन सोडतात. पुढे दंड, मग स्थगित शिक्षा, मग कैद. आणि १९३० च्या एका कायद्यानुसार, दहा वर्षांत तीन वेळा चोरीबद्दल सहा महिने किंवा अधिक कैद झालेल्या सराईताने पुन्हा चोरी केली तर किमान तीन वर्षांची शिक्षा होते. चोरलेली वस्तू भाताचा एक डबा असला, तरी शिक्षेच्या या शिडीला त्याचे सोयरसुतक नसते.

आत गेल्यावर वेळेवर जेवण मिळते, डॉक्टर येतो आणि शेजारी कोणीतरी असते. ज्या वृद्धांना कारखान्याचे काम झेपत नाही त्यांना कागद दुमडण्यासारखे हलके काम देतात, आणि काही ठिकाणी धडधाकट कैदीच त्यांना न्हाऊ-माखू घालतात. जुन्या सक्तमजुरीत या सर्वांना ‘काम’ देणे कायद्यानेच भाग होते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासमोर दिवसभर कागदाच्या घड्या ठेवण्याचे कारण तेवढेच. नव्या ‘कोकिनकेई’त काम सक्तीचे उरलेले नाही, त्याऐवजी चालण्याचा व्यायाम, व्यसनमुक्ती, लिहिणे-वाचणे, घर आणि निवृत्तिवेतन मिळवण्याची तयारी यांना तेवढेच स्थान आहे. मात्र १ जून २०२५ पूर्वी केलेल्या गुन्ह्यांना जुनीच शिक्षा लागू असल्याने पुढची बरीच वर्षे दोन्ही प्रकारचे कैदी नांदतील.

माझी शंका वेगळी आहे. ज्या रक्षकाने काल ‘बोलू नको’ असे शिकवले, त्यानेच आज समोर बसून ‘तुमचे मन मोकळे करा’ म्हणायचे आहे. कैद्यालाही इतकी वर्षे परवानगीशिवाय मान वळवायची नव्हती. आता त्याने स्वतःच्या आयुष्याचा आराखडा मांडायचा आहे. हे होणार नाही असे मी म्हणत नाही, पण ते कायदा बदलल्याच्या तारखेला होत नाही.

प्रश्न : तेथे शिक्षणाची सोय आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

आहे, आणि तिचे एक उदाहरण मला फार आवडते. मात्सुमोतोच्या तुरुंगात १९५५ पासून गावातील सरकारी माध्यमिक शाळेची शाखा चालते. शालेय शिक्षण अपुरे राहिलेले कैदी देशभरातून निवडून येथे आणतात. वर्ष संपले की मिळणाऱ्या दाखल्यावर तुरुंगाचे नाव नसते, शाळेचे असते.

प्रश्न : पर्यटकाला असा तुरुंग पाहता येतो का?
— एक वाचक, ठाणे

चालू तुरुंग सहसा नाही. परंतु फुचूसह अनेक तुरुंग वर्षातून एखाद्या दिवशी आवाराचा काही भाग खुला करून कैद्यांनी केलेल्या वस्तूंची विक्री करतात. होक्काइदोतील अबाशिरी येथे जुन्या लाकडी तुरुंगाचे संग्रहालय १९८३ पासून आहे. येथील कैद्यांकडून १८९१ मध्ये मध्य होक्काइदोचा रस्ता बांधून घेतला गेला आणि त्या एका हंगामात दोनशेहून अधिक जण मेले. त्याचे तपशील तेथे मांडलेले आहेत. संग्रहालयाच्या उपाहारगृहात आजच्या अबाशिरी तुरुंगातील दुपारच्या जेवणावर बेतलेले ताट मिळते: सातूमिश्रित भात, भाजलेला मासा, दोन लहान भाज्या आणि मिसो सूप. एवढाच फरक, की खऱ्या तुरुंगात त्या सूपाऐवजी साधा चहा देतात.